जूनमधलं भंडारदरा: दोन दिवसांत काय बघावं, काय पुढच्या खेपेला ठेवावं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: जूनच्या पहिल्या किंवा दुसऱ्या शनिवार-रविवारी भंडारदऱ्याला जायचंय. तुम्ही दोघं, 12 आणि 7 वर्षांची मुलं आणि गुडघ्याचा त्रास असलेल्या सासूबाई. यादीत काजवे, रंधा धबधबा, अंब्रेला फॉल, बोटिंग, अमृतेश्वराचं देऊळ, सांदण दरी, कळसूबाई, जमलं तर रतनगड, आणि रात्री पाण्याकाठी टेंट. हे सगळं दोन दिवसांत कसं बसवायचं?

मी नाशिकहून गेली 22 वर्षं कुटुंबांचे आणि शाळांचे गट तिकडे नेते. तुमच्यासारखी यादी दरवर्षी मे महिन्यात माझ्याकडे येते. वेळ पुरेल की नाही ही खरी अडचण नाहीच. धरणाजवळच्या शेंडी गावाहून निघून मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे अशी तलावाची पूर्ण फेरी गाडीने न थांबता दीड-दोन तासांत होते. अडचण अशी आहे की तुमच्या यादीत तीन ऋतू एकत्र आलेत. काजवे पावसाच्या तोंडावर दिसतात, धबधबे जुलै ते सप्टेंबर, आणि सांदण दिवाळीनंतर. एकाच खेपेत तिन्ही मागितलं की माणसं दोन दिवस गाडीत बसून राहतात आणि कोरडे कडे बघून परत येतात.

हे असं का, ते आधी सांगते, कारण ते कळलं की निम्मे निर्णय आपोआप होतात. भंडारदऱ्याचा तलाव म्हणजे प्रवरेवरच्या विल्सन धरणाचा जलाशय. धरणाचं काम 1910 साली सुरू झालं आणि 1926 साली पूर्ण झालं. भिंत 82 मीटर उंच, आणि पाण्याची साठवण सुमारे 11 टीएमसी, म्हणजे 11 अब्ज घनफूट. हे पाणी खालच्या प्रवरा खोऱ्यातल्या शेतीचं आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत आवर्तनं, म्हणजे ठरलेल्या पाळीने सोडलेलं पाणी, सुटत राहतात, त्यामुळे मे संपता संपता तलाव वर्षातला सर्वात रिकामा असतो. फोटोत दिसतं ते काठोकाठ निळं पाणी तेव्हा नसतं. काठापासून पाण्यापर्यंत तांबड्या-करड्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडलेला असतो. मग पाऊस येतो, आणि बहुतेक वर्षी ऑगस्टच्या मध्यापर्यंत धरण भरतं.

अंब्रेला फॉलचंही तेच. हा डोंगरातून आलेला धबधबा नाही. धरणाच्या मोरीतून सोडलेलं पाणी खालच्या गोल कातळावर पडतं आणि छत्रीसारखं पसरतं, म्हणून ते नाव. मोरी बंद असेल तर तिथे नुसता कातळ. रंध्याला प्रवरा खोल घळीत उडी घेते, पण तिथेही नदीला पाणी असेल तेव्हाच. ऑगस्टमध्ये रंध्याच्या कठड्याशी उभं राहिलं की छातीत धडधड होते, शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथे बहुधा ओली रेघ असते. मुलांना आधी सांगितलं नाही तर त्यांचा हिरमोड होतो, आणि तो दिवसभर पुरतो.

म्हणून माझं उत्तर असं: तुमची तारीख ठरलेली असेल, तर ही खेप काजव्यांची. बाकी सगळं त्या एका रात्रीभोवती बसवा. धबधबे हवेच असतील तर तारीख बदला आणि ऑगस्टमध्ये या. दोन्हींपैकी काय निवडायचं हे तुमच्या घरावर आहे. मात्र सात वर्षांचं मूल असेल तर मी काजवेच सुचवेन. धबधबा ते पुढेही शंभर वेळा बघेल.

काजव्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथेच लोक सर्वात जास्त चुकतात.

काजवे साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत दिसतात. नक्की तारीख कोणीच देऊ शकत नाही. वळवाच्या दोन-चार सरी झाल्या, जमीन भिजली, हवा दमट झाली की ते बाहेर येतात. मॉन्सून जोरात लागला की आठवडाभरात संपतात. एखाद्या वर्षी वळीवच लांबतो आणि सगळं दहा दिवस पुढे सरकतं. म्हणून मी कधीच दोन महिने आधी 'अमुक तारखेला नक्की दिसतील' असं कबूल करत नाही. जो करतो त्याच्याकडे पैसे भरू नका.

तारीख निवडायची मुभा असेल तर दोन गोष्टी पाहा. पहिली, चंद्र. अमावस्येच्या अलीकडे-पलीकडे चार दिवस सर्वात चांगले. पौर्णिमेच्या चांदण्यात काजव्यांचा उजेड निम्मा वाटतो. दुसरी, वार. शनिवारी रात्री त्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, आणि दिव्यांच्या झोतात काजवे दिसत तर नाहीतच, त्यांचं नुकसानही होतं. एक दिवस रजा टाकून गुरुवारी-शुक्रवारी आलात तर तुम्ही दुसरीच जागा बघाल. दोन दिवसांच्या सहलीत रजेचा तो एक दिवस सर्वात मोलाचा.

नुकसान कसं होतं तेही मुलांना समजावून सांगा. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात. काजव्याचा उजेड म्हणजे एकमेकांना घातलेली साद आहे. नर उडता उडता ठराविक लयीत लुकलुकतो आणि पानावर किंवा गवतात बसलेली मादी त्याला उत्तर देते. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं, त्याचा प्राणवायूशी संयोग झाला की उजेड पडतो, आणि त्यात उष्णता जवळजवळ नसते. गाडीचा दिवा, टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश पडला की ही साद मोडते. अळी म्हणून जमिनीत, पाल्यापाचोळ्यात त्यांचे महिनेच्या महिने जातात, तिथे त्या गोगलगायी खाऊन वाढतात. पंख फुटल्यावर हाती उरतात ते थोडेच दिवस. बाटलीत भरून ठेवलेल्या काजव्याची यातली एक अख्खी रात्र जाते. शिवाय पाचोळ्यातून, गवतातून चालत गेलं की पायाखाली माद्या येतात. रस्ता सोडू नका.

माझ्या गटात मी असं करते. संध्याकाळी साडेसहालाच जेवण उरकून घेते. गाडी वस्तीजवळ लावून, दिवे बंद करून, पुढचं अंतर पायी. एका मोठ्या माणसाकडे एकच टॉर्च, तिच्या तोंडावर लाल जिलेटिनचा कागद दोन पदरी बांधलेला, आणि ती कायम पायांकडे वळवलेली. अंगाला अत्तर नाही, डासांचा फवारा नाही. त्याऐवजी पूर्ण बाह्या आणि पायमोजे. झाडाशी पोचलं की सगळे खाली बसतात आणि दहा मिनिटं कोणी मोबाइल काढायचा नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला एवढा वेळ लागतोच.

पहिल्यांदा एक-दोन ठिपके दिसतात. मग हिरड्याच्या, सादड्याच्या, जांभळीच्या एखाद्या झाडावर खालच्या फांदीपासून शेंड्यापर्यंत उजेडाची लाट चढत जाते, क्षणभर पूर्ण काळोख होतो, आणि पुन्हा लाट. सगळं झाड श्वास घेतंय असं वाटतं. मागे एका शाळेच्या गटात आठ वर्षांची एक मुलगी होती, दिवसभर अखंड बोलणारी. ती झाडाखाली अर्धा तास एक शब्द बोलली नाही, आणि उठताना मला हळूच म्हणाली, "मावशी, आपण गेल्यावर पण हे चालू राहणार ना?" तुमच्या सात वर्षांच्या मुलासाठी मला हे हवंय.

फोटोचं म्हणाल, तर मोबाइलवर हे उतरत नाही. तिपाईवर कॅमेरा लावून बराच वेळ शटर उघडं ठेवतात तेव्हा ते फोटो येतात. तो नाद या खेपेला सोडा.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर प्रवेश शुल्क भरून पावती घ्यावी लागते. काजव्यांच्या दिवसांत रात्री गाड्या किती वाजेपर्यंत सोडायच्या, कुठल्या रस्त्याने, हे वन विभाग ठरवतो आणि त्यात बदल होत असतात. नाक्यावरच्या माणसाला विचारा आणि ते सांगतील तसं वागा. गावातला वाटाड्या जरूर घ्या. कुठल्या वाडीच्या कुठल्या झाडावर काल काजवे होते हे त्यालाच ठाऊक असतं, आणि या पंधरा दिवसांच्या कमाईवर त्याच्या घरचं पावसाळ्यापूर्वीचं पुष्कळ काही भागतं.

आता दिवसाचं. पहिल्या दिवशी नाशिक किंवा मुंबईकडून येत असाल तर घोटीवरून या, पुण्याकडून येत असाल तर संगमनेर, अकोले, राजूर असं. पेट्रोल घोटीला किंवा राजूरला भरून घ्या आणि थोडे रोख पैसे बरोबर ठेवा, कारण तलावाच्या पलीकडच्या अंगाला मोबाइलचं नेटवर्क सलग मिळत नाही. सासूबाईंच्या गोळ्या हाताशी असू द्या. अडचण आलीच तर ग्रामीण रुग्णालय राजूरला आहे. दुपारी पोचून जेवा आणि झोप काढा, मुलांनाही झोपवा. रात्री जागायचंय.

चारच्या सुमाराला रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात जा. सासूबाईंसाठी यादीतली सर्वात चांगली जागा हीच. गाडी देवळाच्या अगदी जवळ जाते, चढ नाही. देऊळ शिलाहार काळातलं मानतात, हजार वर्षांहून जुनं. आत शिरताना क्षणभर थांबून छत बघा, खांबांवरचं कोरीव काम बघा. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी साठतं आणि पिंड पाण्याखाली जाते. जूनच्या सुरुवातीला मात्र नीट दर्शन होतं. देवळापासून थोडं अलीकडे पुष्करणी आहे, चारी बाजूंनी कोनाडे आणि त्यांत मूर्ती. बहुतेक लोक ती न बघताच निघून जातात. तिथे मुलांना एक काम द्या: कोनाडे मोजा, आणि गणपती कुठे बसलाय ते शोधा. माझ्या अनुभवात यात अर्धा-पाऊण तास सहज जातो, आणि आजी काठावर निवांत बसून त्यांच्यावर लक्ष ठेवते. मागे रतनगड उभा असतो. प्रवरा तिथेच उगम पावते. गडाच्या माथ्याजवळ कातळात आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात.

रतनगड या खेपेला खालूनच बघा. चढायला जंगलातली लांब वाट आणि वर शिड्या आहेत, त्यात अख्खा दिवस जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटघर. कोकणकड्याच्या टोकावरून खाली ठाणे जिल्हा पसरलेला दिसतो, आणि जूनमध्ये खालून वर येणारं धुकं कड्याशी आपटून उलटं वळताना दिसतं. कठड्याच्या आतच थांबा, मुलांचे हात सोडू नका. वारा चेष्टेचा नसतो. घाटघरला 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या जलाशयातलं पाणी वर चढवायचं, आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज काढायची. तुमच्या बारा वर्षांच्या मुलाला यात गोडी वाटेल. वरचा आणि खालचा जलाशय त्याला दाखवा, त्याला पटकन कळेल.

सांदण दरी साम्रदजवळ आहे, म्हणजे याच रस्त्यावर. तरीही नको. सांदण म्हणजे जमिनीला पडलेली चिरीसारखी अरुंद घळ, दोन्ही बाजूंना उभे कातळ. वरच्या उतारावर पाऊस झाला की ते सगळं पाणी याच घळीत उतरतं, आणि आत असलेल्याला वर काय झालंय ते दिसत नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असेल आणि पाणी मागून येईल. पावसाळ्यात तिथे जायला बंदी असते, ती याचसाठी. एकदा वळीव सुरू झाले की मी मोठ्यांच्या गटालाही आत नेत नाही. सांदण डिसेंबरात, तेव्हा मुलं सहा महिन्यांनी मोठीही झालेली असतील.

कळसूबाईवर माझं मत अटीवर आहे. 1646 मीटरचं महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, बारी गावातून वाट, अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या. बारा वर्षांचं मूल आरामात चढतं, सात वर्षांचंही चढतं, पण उतरताना रडतं. आदल्या रात्री काजव्यांसाठी जागलेल्या मुलांना पहाटे पाचला उठवून तीन तास चढवणं मला पटत नाही. आणि जूनच्या सुरुवातीला दुपारनंतर ढग गडगडतात. तेव्हा लोखंडी शिडीवर किंवा उघड्या माथ्यावर असणं धोक्याचं. तुमच्यापैकी एकाला आणि मोठ्या मुलाला जायचंच असेल तर उजाडता उजाडता पाय उचला आणि बारा वाजायच्या आत खाली बारीत या. बाकीचे तिघं त्या वेळात घाटघर करतील.

आता पाण्याबद्दल, आणि हे कृपा करून नीट वाचा. बोटिंग करा, छान असतं. सकाळी नऊच्या आत करा, तेव्हा वारा पडलेला असतो. दुपारनंतर पाण्यावर लाटा उठतात. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, मुलांना मुलांच्या मापाचं, बंद लावलेले. मोठ्या मापाचं जॅकेट मुलाच्या अंगावरून वर सरकतं, तेव्हा ते नसल्यातच जमा. मापाचं मिळालं नाही तर बोटीत बसू नका, पैसे दिलेले असले तरी. जूनमध्ये पाणी उतरल्यामुळे बोट कधी नेहमीच्या जागेवरून सुटत नाही, कधी पलीकडे लागत नाही, हेही धरून चाला.

पोहायचं मात्र नाही. पाण्यात पाय बुडवायलाही मुलांना एकटं सोडू नका. उतरलेल्या धरणाचा काठ फसवा असतो. वरून माती वाळून तडकलेली, विटेसारखी कडक दिसते, आणि चार पावलं पुढे तोच थर पातळ होऊन खाली गुडघाभर गाळ असतो. एकदा आमच्या गटातला धडधाकट बापमाणूस चेंडू आणायला गेला आणि मांडीपर्यंत रुतला. पाय ओढायला जावं तर दुसरा आत जाई. शेवटी आडवं पडायला सांगितलं, फळी सरकवली, आणि वीस मिनिटांनी त्याला बाहेर काढलं. चपला अजून तिथेच असतील. त्या दिवसापासून मी चेंडू पाण्याच्या बाजूला खेळूच देत नाही. शिवाय पाण्याखालची जमीन एकसारखी उतरती नाही. बुडालेल्या जुन्या नाल्याशी ती एकदम तुटते. पट्टीचा पोहणाराही तिथे गोंधळतो.

टेंटचं तुमचं मन असेल तर मोडणार नाही, पण जूनमध्ये तुमच्या कुटुंबासाठी मी गावातलं घर निवडेन. वळवाचा वारा रात्री टेंट उपटतो, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवरून उठणं व अंधारात संडास शोधणं हा छळ आहे. शेंडी, मुतखेल, रतनवाडी, पांजरे भागात घरगुती मुक्कामाची सोय होते. आधी विचारून घ्या: पलंग आहे का, संडास घराला लागून आहे का, तो कमोडचा आहे का. संकोच करू नका. टेंटच घेणार असाल तर पाण्यापासून दूर, उंचावर आणि एकट्या झाडाखाली नसलेला घ्या. स्पीकर वाजवणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. अभयारण्यात ती गोष्ट चूक आहेच, आणि शेजारी गाणी चालू असताना काजव्यांच्या झाडाखालची ती शांतता मिळत नाही.

घरगुती मुक्कामाचा आणखी एक फायदा जेवणाचा. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, हातसडीचा भात. ऐन पेरणीचे दिवस असतात. घरातल्या बाईंना विचारा भाताची रोपं कुठे टाकलीत, बियाणं कुठलं. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. ते जपणं इथल्या घराघरांत कसं चालतं, हे चुलीपाशी बसलात तर कळेल. सासूबाईंची आणि त्या घरच्या आजीची गट्टी जमली तर तुमची अर्धी सहल तिथेच होऊन जाईल, आणि ते वाया गेलं असं समजू नका.

तर पहिला दिवस: दुपारची झोप, अमृतेश्वर, रात्री काजवे. दुसरा: सकाळी बोट, मग घाटघर, परतताना वाटेवर रंधा, पाणी असो नसो, दहा मिनिटं. कळसूबाई फक्त ज्यांना झेपेल त्यांनी, आणि त्या दिवशी त्यांची बोट रद्द. सांदण आणि रतनगड हिवाळ्यात, भरलेला तलाव आणि धबधबे ऑगस्टमध्ये.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरी फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा: दोन दिवसांत पाऊस किती झाला, काल रात्री काजवे कुठल्या वाडीत होते, आणि धरणातून पाणी सोडलंय का. पाऊस मोठा झालाय आणि काजवे ओसरलेत असं ते म्हणाले, तर जायचं की नाही ते तेव्हाच ठरवा. घरबसल्या मन घट्ट करणं सोपं असतं, मुलांना गाडीत बसवल्यावर ते जमत नाही.